‘लाव’ म्हटलं की नेमकं काय करायचं? चुलीपासून शिलाई मशीनपर्यंत एका क्रियापदाचे अर्थ

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात एका सकाळी हे सगळं कानावर पडतं: कुकर लाव. विरजण लावलं काय? भाकरीले पाणी लाव. सदऱ्याची गुंडी लावून दे. साडीले फॉल लावाचा राहिला. पोराले अभ्यासाले लाव. क्रियापद एकच आणि कामं सहा. ज्यांच्या कानावर ही भाषा लहानपणापासून आहे त्यांना यात अडचण कुठे आहे तेच कळत नाही, म्हणून ते समजावूनही सांगत नाहीत. अडतं ते नव्याने आलेल्यांचं: छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून लग्न होऊन आलेली सून, बदलीवर आलेल्या शिक्षिका, बचत गटाच्या शिवणवर्गात पहिल्यांदा बसलेली मुलगी, होस्टेल सोडून पहिल्यांदा स्वतःची चूल मांडणारा मुलगा. ‘लाव’ ऐकून चुकीचं काम केलं की दूध नासतं, कापड वाया जातं आणि बोलणीही बसतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. प्रत्येक ‘लावणे’मागे कोणती कृती आहे, ती कशी करायची आणि कुठे बिघडते, ते क्रमाने दिलं आहे.

जवळ काय ठेवायचं
• एक वही. पानावर चार रकाने आखा: ऐकलेलं वाक्य, कशाला लावायचं, उलट शब्द, केलेली कृती.
• घरातली एकच ठरलेली वाटी आणि एक लहान चमचा. माप रोज त्यांनीच घ्या.
• मापाची टेप, खडू, टाचण्या, १४ आणि १६ नंबरच्या मशीनच्या सुया, हातसुई, कच्च्या टाक्यांसाठी पांढरा दोरा.
• जुन्या सुती कापडाचे हातभर तुकडे. पहिली गुंडी आणि पहिली पट्टी यांच्यावरच लावायची, नव्या कपड्यावर कधीच नाही.

१. आधी वाक्याची ठेवण ओळखा

‘लाव’ ऐकल्यावर हात उचलण्याआधी वाक्यात ‘-ला’ आहे का ते ऐका. वऱ्हाडीत हाच ‘-ला’ बहुतेक वेळा ‘-ले’ होतो: भाकरीले, सदऱ्याले, पोराले.

पहिली ठेवण: अमक्याला तमकं लाव. सदऱ्याला गुंडी लाव, फोडींना मीठ लाव, ब्लाउजला अस्तर लाव. इथे दोन वस्तू आहेत आणि एक दुसरीवर बसवायची किंवा माखायची आहे.

दुसरी ठेवण: नुसतं ‘अमकं लाव’. कुकर लाव, विरजण लाव, दिवा लाव. इथे काम सुरू करून द्यायचं असतं, पुढचं काम ती वस्तू करते. कुकर शिजवतो, विरजण दही करतं, दिवा जळत राहतो. ‘वॉशिंग मशीन लाव’ हा नवा प्रयोगही याच साच्यातून आलेला आहे.

तिसरी ठेवण: ‘-आयला लाव’, वऱ्हाडीत ‘-आले लाव’. पोराला भांडी घासायला लाव. इथे तुमचे हात कामाला लागत नाहीत, दुसऱ्याला कामाला जुंपायचं असतं. या ठेवणीत एक बारीक सापळा आहे. ‘भाजी शिजायला लाव’ म्हणजे भाजी तुम्हीच चुलीवर चढवायची. ‘भाजी शिजवायला लाव’ म्हणजे कोणाला तरी सांगून ती शिजवून घ्यायची. फरक एका ‘व’चा आहे, आणि घाईच्या बोलण्यात तो ऐकूही येत नाही. शंका आली तर ‘मी लावू काय?’ एवढं विचारलं की काम होतं.

चौथी ठेवण म्हणजे रचून ठेवणं: भांडी लाव, डबे फळीवर लाव, धुतलेले कपडे लाव. ती ओळखायला सोपी असते.

२. ‘लाव’ की ‘टाक’?

पुण्याकडे जिथे ‘घाल’ म्हणतात तिथे विदर्भात बहुतेक वेळा ‘टाक’ म्हणतात: चहात साखर टाक, वरणात मीठ टाक, टाका टाक. नव्या माणसाचा खरा गोंधळ ‘लाव’ आणि ‘टाक’ यांच्यात होतो. त्यासाठी एक नियम लक्षात ठेवला की दहातली नऊ वाक्यं सुटतात: आत जाऊन मिसळलं किंवा लपलं तर टाकणे, वर बसलं किंवा माखलं तर लावणे.

वांग्याच्या भाजीत हळद टाकतात. वांग्याचे काप तव्यावर परतायचे असतील तर कापांना हळद-मीठ लावतात. भाजीत मीठ टाकतात. लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ लावतात. परकरात नाडी टाकतात कारण ती नेफ्याच्या आत जाते. परकराला लेस लावतात कारण ती घेरावर दिसते.

‘लोणच्याच्या फोडींना हळद-मीठ लाव’ असं सांगितलं तर तयारी अशी: १ किलो फोडी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, १०० ग्रॅम मीठ आणि २ लहान चमचे हळद एकत्र करा, हाताला पाण्याचा थेंबही नको, प्रत्येक फोडीवर थर बसेल असं चोळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी खाली पाणी सुटलेलं असतं. ते निथळून फोडी कापडावर पसरून कोरड्या करायच्या. हे १०० ग्रॅम मीठ सुरुवातीचं आहे, मसाल्यातलं वेगळं. जिने ‘लाव’ला ‘टाक’ समजून वरून मीठ भुरभुरलं तिच्या खालच्या फोडी कोऱ्या राहतात, आणि बुरशी तिथूनच धरते.

नियमाला एक ठळक अपवाद आहे, विरजण. ते दुधात मिसळतं, तरी ‘विरजण लाव’च म्हणतात, कारण ते दुसऱ्या ठेवणीतलं आहे: कामाला लावून सोडून द्यायचं.

३. ‘हळद लावणे’: कोण बोलतंय ते पाहा

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या भागात जून महिन्यात कोणी ‘आमची हळद लावून झाली’ म्हणालं तर समजायचं की शेतात बेणं पडलं. लग्नघरात ‘हळद लावली’ म्हणजे नवरदेवाला किंवा नवरीला. स्वयंपाकघरात ‘हळद लाव’ म्हणजे कापांना, फोडींना किंवा मटणाला. बोट कापलेल्याला ‘हळद लाव’ म्हणजे जखमेवर. वाक्य तेच असतं, अर्थ जागा ठरवते आणि महिनाही.

याच्या उलट ‘भात लाव’चं आहे. कोकणात ‘भात लावणे’ शेतातलं असतं. भंडारा-गोंदियाकडे शेतातल्या पिकाला धान म्हणतात आणि लावणीला रोवणी, म्हणून तिकडे ‘भात लाव’ म्हटलं की चुलीकडेच जायचं. वऱ्हाडात ‘भात मांड’, ‘चहा मांड’ हेही तेवढंच चालतं, अर्थ तोच.

४. ‘कुकर लाव’

झाकण बसवणं हा याचा सगळ्यात लहान भाग आहे. ‘कुकर लाव’ या दोन शब्दांत डाळ-तांदूळ धुण्यापासून आच कमी करण्यापर्यंतचं सगळं काम येतं. सासूबाई शेतावर निघताना ‘कुकर लावजो’ म्हणून गेल्या तर परत आल्यावर त्यांना वरण-भात तयार हवा असतो.

पाच लिटरच्या कुकरसाठी:

• तुरीची डाळ १ वाटी, धुऊन अर्धा तास भिजवलेली, डब्यात अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि तेलाचे ४-५ थेंब. तेलाने फेस कमी येतो.
• तांदूळ १ वाटी, जुना असेल तर २ वाट्या पाणी. दिवाळीनंतर येणारा नवा तांदूळ पाणी कमी पितो, त्याला दीड वाटी पुरतं. २ वाट्या टाकल्या तर त्याचा गिचका होतो.
• कुकरच्या तळाशी २ वाट्या पाणी. हे विसरलं तर कुकर कोरडा तापतो, रबर जळतं आणि सुरक्षेची चकती वितळते.
• खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा.
• झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहा. डाळीचा कण अडकलेला असेल तर सुईने काढा.
• ३ शिट्ट्या झाल्या की आच कमी करून ५ मिनिटं ठेवा. चुलीवर असेल तर लाकडं मागे ओढा आणि निखाऱ्यावर राहू द्या.

डाळ डब्याशिवाय थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर कुकर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका. डाळ फेसाळून शिट्टीची नळी बंद करते. आणि वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. वर पाणी ओतून घाईने उघडायची सवय लावून घेऊ नका.

‘शिट्टी लाव’ हे वेगळं काम आहे. आधी झाकण लावतात, नळीतून वाफेची धार येऊ लागली की मग शिट्टी ठेवतात. म्हणजे आतली हवा निघून गेलेली असते.

५. ‘विरजण लाव’

अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले, चटका बसला नाही आणि ऊब मात्र जाणवली, की दूध तयार. एक लहान चमचा दही वाटीत फेटून घ्या, गाठ राहू देऊ नका. ते दुधात टाकून दोनदा ढवळा, झाका आणि हलवू नका.

इथला उन्हाळा आणि हिवाळा यांत दह्याचं गणित पूर्ण बदलतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दूध वेगळं कोमट करायची गरजच पडत नाही. उकळून घरातल्या हवेइतकं निवालं तरी ते कोमटच असतं. विरजण अर्धा चमचा पुरतं आणि ४ तासांत दही लागतं. रात्री दहाला लावून सकाळी सातला पाहिलं तर ते आंबलेलं असणारच. उन्हाळ्यात पहाटे लावा आणि दही बसलं की माठाजवळच्या ओल्या वाळूत किंवा फ्रिजमध्ये ठेवा. डिसेंबर-जानेवारीत मात्र दीड चमचा विरजण घ्या, भांडं जुन्या लुगड्यात गुंडाळा आणि विझलेल्या चुलीच्या उबेला ठेवा. तरी ८ ते १० तास लागतात.

बिघडतं ते तीन प्रकारे. दूध गरम असताना विरजण लावलं तर दह्याचे जंतू मरतात किंवा दूध फाटून खाली चोथा आणि वर पाणी होतं. दूध पार गार असेल तर सकाळी ते दूधच राहतं, कधी बोटाला तार येते. आणि विरजणच जुनं, आंबट असेल तर नवं दहीही आंबट होतं. यासाठी रोज ताज्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढून ठेवायचं.

हिंदी बोलणाऱ्या सुनांसाठी: तुमच्याकडे दही ‘जमवतात’. इथे विरजण लावतात आणि दही लागतं.

६. ‘भाकरीले पाणी लाव’ आणि ‘भाजीले पीठ लाव’

ज्वारीच्या भाकरीशी तीन ‘लावणे’ जोडलेले आहेत: थापताना खाली कोरडं पीठ लावायचं, भाकर तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लावायचं (आणि ते सुकायच्या आत ती उलटायची), आणि जाळ मागे-पुढे लावत राहायचं. यात नव्या हाताची चूक होते ती पाण्यात.

भाकर तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. ती वर आली की लगेच, तीन-चार सेकंदांच्या आत, ओला हात तिच्यावरून मधून काठाकडे फिरवायचा. काठ कोरडा सोडायचा नाही. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. वरचं कोरडं पीठ पाण्याने बसलं नाही तर पापुद्रा तडकतो, वाफ त्या तडीतून निघून जाते आणि भाकर फुगत नाही. पाणी जास्त झालं तर उलटल्यावर ती तव्याला चिकटते. वरचं पाणी चमकायचं थांबलं, पण बोट ठेवल्यावर ओल लागते, ही उलटायची वेळ. पूर्ण सुकू दिली तर उलटताना मोडते. पीठ जुनं असेल तर विळी जाते, म्हणजे भाकर थापतानाच काठाला चिरते. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात भिजवा.

‘भाजीले पीठ लाव’ म्हणजे वेगळंच. दोन जुड्या पालक किंवा चवळीची भाजी शिजत आली की दोन मोठे चमचे बेसन अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं आणि एका हाताने ढवळत दुसऱ्याने ओतायचं. जुनी माणसं याला आळण लावणं म्हणतात. कोरडं बेसन थेट उकळत्या भाजीत टाकलं तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात कच्चं पीठ राहतं. लावल्यावर ६-७ मिनिटं शिजू द्या. कच्चा वास गेला की झालं. ‘पीठ पेर’ म्हटलं असेल तर मात्र खरंच कोरडं भुरभुरायचं असतं, मेथी किंवा सिमला मिरचीच्या सुक्या भाजीवर, आणि झाकण ठेवून वाफ आणायची असते.

७. ‘गुंडी लाव’

खेड्यात बटणाला अजून गुंडी म्हणतात, शहरात शिकलेले बटण म्हणतात. लावायची पद्धत एकच.

आधी काज, मग गुंडी. काज झालेली पट्टी दुसऱ्या पट्टीवर ठेवून काजाच्या मधून खडूची खूण करा. पुरुषांच्या सदऱ्याला काज घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला आणि गुंड्या उजव्या बाजूला असतात. बायकांच्या कपड्यांना उलट. कपडा समोर टेबलावर असला की डावं-उजवं फसतं, म्हणून अंगाला लावून ठरवा.

दोरा हातभर घ्या, दुहेरी करा आणि गाठ मारा. सुई खुणेच्या जागी सुलट बाजूने खाली आणि परत वर काढा, म्हणजे गाठ गुंडीखाली लपेल. गुंडी ठेवा आणि तिच्यावर एक आगकाडी आडवी धरा. चार भोकांच्या गुंडीला प्रत्येक जोडीतून ३-४ वेळा टाका टाका. आता काडी काढा, गुंडी वर ओढा, सुई गुंडी आणि कापड यांच्या मध्ये आणा आणि दोऱ्याला तीन वेढे द्या. ही जी लहानशी मान तयार होते, तिच्यातच काजाची पट्टी बसते. मान न ठेवता घट्ट शिवलेली गुंडी काजात गेली की कापड चुरगळतं आणि काही दिवसांत गुंडी कापडासकट फाटून येते. कापूस वेचायला जाताना घालायचे सदरे असतील तर गुंडीच्या मागे, उलट बाजूला, लहान चौकोनी कापड ठेवून शिवा. ओढ त्या कापडावर जाते.

८. फॉल, अस्तर, बाही, ठिगळ

फॉल. बाजारात मिळणारा सुती फॉल साधारण ५ इंच रुंद आणि अडीच-तीन मीटर लांब असतो. आधी तासभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करा. न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात फॉल आखडतो, साडी तेवढीच राहते आणि काठाला चुण्या पडतात. त्या नंतर कशाने जात नाहीत. साडीचं जे टोक कमरेत पहिल्यांदा खोचतो तिकडून साधारण एक वीत सोडून सुरुवात करायची. पदराकडून नाही. ही चूक इतकी होते की मशीनवर बसण्याआधी पदराला टाचणी लावून ठेवणंच बरं. फॉल साडीच्या उलट बाजूला, खालच्या काठाशी काठ जुळवून ठेवा आणि ओढू नका. खालची कड मशीनने, वरची कड हाताने तुरपाई करून. वरच्या कडेचा टाका साडीचे एक-दोन धागेच उचलेल असा हवा, म्हणजे सुलट बाजूने फक्त टिंब दिसेल.

अस्तर. सुती अस्तरही भिजवायचंच. गडद रंगाचं असेल तर पाण्याचा रंग पाहा. पाणी रंगलं तर पांढऱ्या किंवा फिक्या ब्लाउजला ते लावू नका, घामाने उतरतं. कापलेला भाग आणि त्याचं अस्तर उलट बाजू एकमेकांना लावून कडेपासून पाव इंचावर सगळीकडून कच्चा टाका मारा आणि पुढे दोन्हीला एकच कापड समजून शिवा.

बाही. शिवणवर्गात सगळ्यात जास्त उसवावं लागतं ते ‘बाही लाव’ या कामात. बाहीच्या गोलाईची पुढची बाजू जास्त खोल असते, मागची उथळ. कापल्याबरोबर पुढच्या बाजूला खडूने ‘पु’ लिहा. दोन्ही बाह्या समोरासमोर ठेवून एकीचं प्रतिबिंब दुसरीत दिसतं ना ते पाहा. कापड दुहेरी न घेता दोनदा कापलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. सुलट बाजूला सुलट बाजू लावा. पहिली टाचणी खांद्याच्या टिपेवर, दुसरी आणि तिसरी काखेच्या टोकांना, मग मधे. काखेकडून शिवत निघालात तर खांद्याशी कापड उरतं किंवा कमी पडतं, म्हणून खांद्यापासून एकदा पुढे आणि एकदा मागे टीप मारा. हात वर केल्यावर ब्लाउज उचलला जात असेल तर बहुधा मागची-पुढची बाजू बदलली आहे.

ठिगळ. भोकापेक्षा चारही बाजूंनी एक इंच मोठं, कडा पाव इंच आत दुमडलेलं, आणि धाग्याची दिशा मूळ कापडासारखीच. आडवं ठिगळ उभ्या कापडाला लावलं तर धुतल्यावर ते फुगतं. कापडही तेवढंच जुनं घ्या. नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या धोतराला लावलं की शेजारी नवी फाट पडते, कारण ताण सगळा जुन्या धाग्यांवर जातो.

९. मशीनला सुई आणि दोरा

हातसुईत दोरा ओवतात. मशीनला दोरा लावतात, कारण तो सुईआधी चार ठिकाणांवरून न्यावा लागतो: रिळावरून तारेच्या आकड्यात, ताणाच्या चकत्यांच्या मधून, वरखाली होणाऱ्या कांडीच्या भोकातून आणि मग सुईत. दोरा लावताना ती कांडी सगळ्यात वर असू द्या आणि दाबपट्टी उचललेली. दाबपट्टी खाली असेल तर चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्या मध्ये बसत नाही आणि खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं तयार होतं. नव्या मुली अशा वेळी बॉबिनला दोष देतात, पण चूक वरच्या दोऱ्याची असते.

‘सुई लाव’ म्हणजे सुई बदल. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने भोकात जातो. खाच उलटी बसली तर टाके सुटत जातात. सुई पूर्ण वर टेकेपर्यंत ढकला, मग स्क्रू आवळा. साध्या सुती कापडाला १६ नंबर, पातळ कापडाला १४.

१०. ‘लागलं’ ऐकलं तर

‘लावणे’ची जोडीदार क्रिया ‘लागणे’. इथे नवी माणसं हमखास फसतात, कारण लावलेली वस्तू ‘लागली’ म्हणजे काम छान झालं असं त्यांना वाटतं.

‘भात लावला’ ही माहिती आहे. ‘भात लागला’ ही तक्रार आहे: तो बुडाला चिकटून करपला. दुधाचं आणि भाजीचंही तसंच. मात्र ‘दही लागलं’ ही चांगली बातमी, ‘दिवा लागला’ हीही चांगली. ‘सुई लागली’ म्हणजे बोटात टोचली. ‘मिरची लागली’ म्हणजे तोंड भाजलं. भिवापुरी मिरची पहिल्यांदा वापरत असाल तर नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करा. ‘भाजी खारट लागते’ म्हणजे चव तशी आहे. आणि ‘ब्लाउजला किती कापड लागेल?’ हा गरजेचा प्रश्न आहे.

भात किंवा भाजी लागलीच, तर ढवळू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, खालचा थर तसाच राहू द्या. एकदा ढवळलं की करपल्याचा वास सगळीकडे जातो.

११. जिथे ‘लाव’ चालत नाही

फोडणी देतात (हिंदीतला ‘तड़का लगाना’ इथे शब्दशः आणू नका). कणीक भिजवतात, पोळी लाटतात, भाकर थापतात, तीळ पेरतात, सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून टाकतात. शिवणात टीप मारतात, काज करतात, तुरपाई करतात, पिको करतात, माप घेतात. कपडा शिंप्याकडे द्यायचा असेल तर ‘शिवाले टाकला’ म्हणतात; ‘शिवाले लावला’ म्हटलं तर कोणाला तरी मशीनवर बसवलं असा अर्थ होतो.

शंका आली की उलट शब्द विचारा. लावलेली गुंडी तोडतात, लावलेलं अस्तर उसवतात, लावलेला कुकर उतरवतात, लावलेला दिवा मालवतात, लावलेलं तेल पुसतात. लावलेल्या विरजणाला मात्र उलट शब्दच नाही. एकदा लागलेलं दही परत दूध होत नाही. वहीच्या तिसऱ्या रकान्यात हे शब्द लिहीत गेलात की दोन आठवड्यांत ‘लावणे’चे गट आपोआप वेगळे दिसू लागतात.

१२. लाव, लावजो, लावून दे, लावू लाग

बोलण्यातलं शेपूट ऐकायला शिका, कारण वेळ त्याच्यात असते.

• ‘लाव’: आत्ता.
• ‘लावजो’: नंतर, वेळ झाली की. ‘पाच वाजता विरजण लावजो’ ऐकून लगेच उठायचं नसतं.
• ‘लावून दे’: पूर्ण करून मोकळी हो, किंवा माझ्यासाठी करून दे.
• ‘लावू लाग’: मला मदत कर. ‘मले फॉल लावू लाग वो’ म्हटलं तर सगळं काम ओढून घेऊ नका, दुसरं टोक धरा.
• ‘लावू नको’: कपडा, भांडं किंवा आच आहे तशी सोड. लोणच्याच्या बरणीबाबत हे ऐकलं तर हात धुतलेला असला तरी लावायचा नाही. हातावरची ओल पुरते आणि आठ दिवसांत बरणीवर पांढरी बुरशी येते.